मुलांना कायदा शिकवायचाय. संस्था काढू की कंपनी?

वाचकाचं पत्र (संक्षिप्त)

ताई, मी २७ वर्षांची आहे. लातूरच्या जिल्हा न्यायालयात एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर म्हणून काम करते. आमच्या गावात नीट आणि जेईईसाठी बाहेरून आलेली हजारो मुलं राहतात. हॉस्टेलचं डिपॉझिट बुडतं, क्लास मधेच सोडला तर फी परत मिळत नाही, मोबाइल चोरीला गेला तर ठाण्यात काय बोलायचं कळत नाही, कुणी फोटोवरून धमकावतं. मुलं सगळं मुकाट्याने सोसतात. या वयाच्या मुलांना कायदा शिकवणारा सामाजिक उद्योग काढावा असं फार दिवस मनात आहे. ट्रस्ट करू की सेक्शन आठची (ना-नफा) कंपनी? मुलांकडून सत्रामागे ५० रुपये घेतले तर चालेल का? सनद (वकिलीचा परवाना) ठेवता येईल का? सरांना अजून सांगितलेलं नाही. वडील म्हणतात, आधी स्वतःची प्रॅक्टिस उभी कर, लष्कराच्या भाकऱ्या नंतर भाज.
— एक वाचक, लातूर

उत्तर

प्रिय वाचक,

हे काम करण्यासारखं आहे आणि तुमचं गाव त्यासाठी अगदी योग्य आहे. ट्यूशन एरियात येणारं सोळा-सतरा वर्षांचं मूल आयुष्यात पहिल्यांदा स्वतः पैसे मोजतं, खोली घेतं, मेस लावतं, कसल्या कसल्या फॉर्मवर सही करतं. आईवडील दुसऱ्या जिल्ह्यात असतात. कायद्याशी त्याची खरी गाठ तिथे पडते. त्यामुळे कल्पनेबद्दल मला शंका नाही. पण तुमच्या प्रश्नांचा क्रम मी उलटा लावणार आहे. ट्रस्ट की कंपनी हा सगळ्यात शेवटचा प्रश्न. आधी सनद, मग शिकवायचं काय, मग तास संपल्यावर तुमच्यापाशी रेंगाळणारं मूल, मग पैसा. नोंदणी त्यानंतर.

सनदेचं आधी मिटवा, कारण तिथे गफलत झाली तर बाकी सगळं अडकेल. बार काउन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांपैकी ४७ ते ५२ हे नियम शांतपणे वाचून काढा. वकिलाने स्वतः धंदा करायचा नाही, हे ४७ सांगतो. ४८ प्रमाणे कंपनीच्या संचालक मंडळावर बसता येतं, पण कार्यकारी स्वरूपाचं काम अंगावर घेता येत नाही. ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की वकिली थांबवून बार काउन्सिलला तसं कळवावं लागतं. म्हणजे सकाळी कोर्टात उभं राहायचं आणि दुपारी ‘संस्थापक व मुख्य कार्यकारी अधिकारी’ म्हणून पगार घ्यायचा, हे दोन्ही एकाच वेळी जमणार नाही. दिलासा नियम ५१ मध्ये आहे. जाहिरातबंदी आणि पूर्णवेळ नोकरीचे नियम पाळून वकिलाला व्याख्यानं देता येतात, शिकवता येतं, लेखन करता येतं. तुम्ही सनद ठेवून संस्थेच्या मानद विश्वस्त राहिलात, सत्रांचं फक्त मानधन घेतलंत आणि रोजचा कारभार दुसऱ्या कुणाकडे सोपवलात, तर मार्ग निघतो असं माझं वाचन आहे. तरी माझ्या वाचनावर विसंबू नका. बार काउन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाला तुमची नेमकी भूमिका लिहून पाठवा आणि लेखी उत्तर घ्या. पुढेमागे कुणी तक्रार केलीच, तर तो कागद तुमच्या कामी येईल.

याच नियमांतला ३६ वा तुम्हाला पाठ असेल. वकिलाने काम मिळवण्यासाठी स्वतःची जाहिरात करायची नाही. मुलांसमोर उभ्या राहाल तेव्हा त्याचा अर्थ फार सरळ आहे: व्हिजिटिंग कार्ड वाटायचं नाही, फलकावर मोबाइल नंबर लिहायचा नाही आणि सत्रातून पुढे आलेलं प्रकरण स्वतःच्या किंवा सरांच्या ऑफिसात न्यायचं नाही. पहिल्या दिवसापासून हे कडक पाळा. एका पालकाने जरी ‘या बाई मुलांमधून केसेस गोळा करतात’ असं म्हटलं, तरी लातूरसारख्या गावात ते आठवड्याभरात सगळीकडे होईल.

आता शिकवायचं काय? संविधानाची ओळख, मूलभूत हक्क, मूलभूत कर्तव्यं अशी आखणी तुम्ही केली असेल तर ती थोडी बाजूला ठेवा. मला संविधान कमी महत्त्वाचं वाटतं म्हणून हे सांगत नाही. ९ नोव्हेंबरच्या विधी सेवा दिनाला आणि २६ नोव्हेंबरच्या संविधान दिनाला अशी शिबिरं जिल्ह्याजिल्ह्यांत होतातच. सभागृहात दोनशे मुलं, दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, तीन वक्ते, आभार. मुलांच्या कानावर कलम २१ पडतं, पण फिर्याद कशी लिहायची ते राहून जातं. तुम्हाला नवीन काही करायचं असेल तर एका वेळी एकच प्रसंग घ्या, तोही मुलांवर याच महिन्यात येऊ शकेल असा.

उदाहरणार्थ, बसस्टँडवर मोबाइल गेला. वीस-पंचवीस मुलं बसवा, त्याहून जास्त नकोत. प्रत्येकाला एक कोरा कागद द्या आणि पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज दहा मिनिटांत लिहायला सांगा. बहुतेक कागदांवर ‘माझा मोबाइल हरवला असून तो मिळवून द्यावा ही नम्र विनंती’ असं काहीतरी येईल. मग एका मुलाला ठाणे अंमलदार करा, एकीला फिर्यादी करा आणि तो अर्ज मोठ्याने वाचू द्या. हरवल्याचा अर्ज दिला की गहाळ झाल्याची नोंद होते, शिक्का मारलेला कागद मिळतो आणि विषय संपतो. गर्दीत बसमध्ये चढताना मागच्या खिशातून कुणीतरी काढून घेतला, सायंकाळी साधारण साडेसहाची वेळ, अमुक फलाट, अमुक गाडी, असं लिहिलं की ती चोरीची फिर्याद होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची (ज्याचा तपास पोलीस कोर्टाच्या परवानगीशिवाय करू शकतात) खबर नोंदवून घ्यावीच लागते, मग तो कुठल्याही ठाण्याच्या हद्दीत घडलेला असो. फिर्यादीला तिची प्रत फुकट मिळते. ठाण्यात घेतली नाही, तर तीच खबर लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. आणखी एक बारकावा मुलांना जरूर सांगा. नव्या कायद्यात पाच हजार रुपयांच्या आतल्या मालाची चोरी अदखलपात्र झाली आहे. म्हणून अर्जात मोबाइलची किंमत, आयएमईआय नंबर (हँडसेटचा ओळख क्रमांक) आणि बिलाची प्रत हवीच. एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) आणि एफआयआर (दखलपात्र गुन्ह्याची खबर) यांतला फरक मुलांना व्याख्येने कळत नाही, अर्ज परत लिहायला लावला की कळतो. तोच कागद दुसऱ्यांदा लिहून घ्या आणि घरी घेऊन जाऊ द्या.

(१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तुमच्या लॉ कॉलेजच्या नोट्समधले भारतीय दंड संहितेचे कलम क्रमांक जसेच्या तसे वापरू नका. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं समोर असतील तर ती लगेच पकडतील, आणि पकडायलाच हवीत.)

दुसरा प्रसंग डिपॉझिटचा. इथे तुमच्या गावाला साजेसा भरपूर मसाला आहे. हॉस्टेलच्या फॉर्मवर ‘डिपॉझिट कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असं छापलेलं असतं आणि खाली सतरा वर्षांच्या मुलाची सही असते. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, व्यक्तीने केलेला करार मुळातच निरर्थक ठरतो, हे १९०३ सालच्या मोहोरी बीबीच्या खटल्यापासून पक्कं आहे. मग करार नेमका कुणाशी झाला? फॉर्मवर वडिलांची सही आहे का? पैसे कुणाच्या खात्यातून गेले? पावती मिळाली की वहीत नुसती टीप? मुलांना आपापल्या हॉस्टेलचा फॉर्म आणायला सांगा आणि त्यावर खुणा करायला लावा. थोडी मोठी मुलं, म्हणजे पदवीची किंवा एमपीएससीची, चार जणांत फ्लॅट घेऊन राहतात. त्यांच्यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाचं कलम ५५ सोन्यासारखं आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, आणि तसा करार नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे ऐकल्यावर मुलं ताठ बसतात. तिथेच हेही सांगा की म्हणून मालकाशी जिन्यात उभं राहून भांडायचं नाही. अशा वादासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व प्रकरण (खटला दाखल करण्याआधीचं) म्हणून अर्ज करता येतो. दोन्ही बाजूंना बोलावलं जातं आणि कोर्ट फी लागत नाही.

क्लासच्या फीबद्दल बोलताना सावध राहा. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. सोळा वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये आणि मधेच सोडणाऱ्या विद्यार्थ्याला उरलेल्या काळाची फी, हॉस्टेल आणि मेसच्या पैशांसह, दहा दिवसांत परत करावी, असं त्यांत आहे. पण ती मार्गदर्शक तत्त्वं आहेत. मुलांना तो कायदा आहे असं भासवू नका. काउंटरवर समोरचा माणूस ‘दाखव कुठलं कलम’ म्हणाला की मूल तोंडघशी पडतं आणि पुन्हा कायद्याच्या वाटेला जात नाही. त्यापेक्षा १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन सांगा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावावाच लागतो असंही नाही, हे सांगा. निकालाची हमी मात्र देऊ नका.

स्कूटीचा विषय पंधरा मिनिटांत आटपतो, पण तो पालकसभेत घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर तीनशे शब्दांच्या निबंधाची अट सगळ्यांच्या तोंडी होती. पालक तोच प्रश्न विचारतील. बाल न्याय कायदा शिक्षेपेक्षा सुधारणेकडे का पाहतो, आणि सोळा ते अठरा वयोगटाच्या निर्घृण गुन्ह्यांसाठी त्यातच वेगळी तपासणी का ठेवली आहे, हे समजावण्याची तयारी करून जा.

मुलांना हा विषय रुक्ष वाटेल अशी धास्ती असेल तर पालघरची हकीकत सांगा. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदच्या दिवशी फेसबुकवर एका मुलीने पोस्ट लिहिली, दुसरीने ती लाइक केली आणि दोघींना अटक झाली. ते वाचून दिल्लीची श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली. पुढे ती कायद्याची विद्यार्थिनी झाली, आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ कलम न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं. तिघीही जवळपास तुमच्या श्रोत्यांच्याच वयाच्या. एवढं सांगितल्यावर अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा अनुच्छेद १९ वेगळा शिकवावा लागत नाही. संविधान तुमच्या सत्रांत असं आलं तर मला जास्त आवडेल.

इथवर जे लिहिलं ते तुम्ही माझ्याशिवायही जमवलं असतं. ज्यासाठी हे पत्र एवढं लांबवलं, तो भाग आता येतो.

सत्र संपतं, मुलं चपला घालून बाहेर पडतात आणि एक मुलगी मागे राहते. ‘मॅडम, माझ्या मैत्रिणीचं एक विचारायचं होतं.’ हे होणारच. तुम्ही चांगलं शिकवलंत तर हमखास होणार. कुणाच्या मामाने हात लावलेला असेल, कुणाचे फोटो कुणाकडे असतील, कुणाचं ऊसतोडीला जायच्या आधी लग्न ठरवलेलं असेल. त्या क्षणी तुम्ही काय करणार हे आधी ठरलेलं नसेल, तर सत्र घेऊ नका असं मी स्पष्ट सांगेन. हक्काची माहिती देऊन निघून जाणारा माणूस त्या मुलीला आधीपेक्षा जास्त एकटं करून जातो. तुमचा उद्योग म्हणजे पंचेचाळीस मिनिटांचं सत्र नव्हे. त्यानंतरची पंधरा मिनिटं आणि त्याच्या पुढचे पंधरा दिवस, तो तुमचा उद्योग.

पोक्सो कायद्याचं कलम १९ तुम्हाला लागू आहे. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक गुन्हा झाल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम २१ प्रमाणे शिक्षा आहे, संस्थेच्या प्रमुखाला जास्त. मी वकील आहे, गोपनीयता पाळते, हा बचाव इथे गृहीत धरू नका. म्हणून प्रत्येक सत्राच्या आरंभी, हसतखेळत नव्हे तर नीट थांबून, मुलांना सांगा: ‘तुम्ही मला काही सांगितलंत तर मी ते चारचौघांत बोलणार नाही. पण अठरा वर्षांखालच्या कुणावर अत्याचार होतोय असं कळलं, तर मला ते पोलिसांना कळवावंच लागेल. मी तुमच्या सोबत राहीन, पण गप्प राहू शकणार नाही.’ सांगायचं की नाही हे मुलीला ठरवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी हे आधी माहीत असायला हवं.

यातली सगळ्यात अवघड जागा सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींच्या परस्परसंमतीच्या नात्याची. हॉस्टेलच्या गावात ती नाती आहेत. या कायद्यात अठरा वर्षांखालच्या संमतीला किंमत नाही, त्यामुळे प्रेमप्रकरणात मुलगा थेट आरोपी होतो. न्यायालयांनी अशा खटल्यांबद्दल वेळोवेळी चिंता बोलून दाखवली आहे, पण कायदा आज हाच आहे. मुलांना हे घाबरवण्यासाठी सांगू नका आणि टाळूही नका. मुलं आणि मुली एकत्र असताना, सरळ शब्दांत, कुणाकडेही रोखून न पाहता सांगा. तुमच्या सगळ्या सत्रांत या एका सत्राला जास्तीत जास्त तयारी लागेल. बाल समुपदेशनाचा अनुभव असलेली व्यक्ती सोबत असल्याशिवाय ते घेऊ नका.

मूल बोलायला लागलं तर खोदून खोदून विचारू नका. तो पोलिसांचा आणि न्यायदंडाधिकाऱ्यांचा भाग आहे. दहा ठिकाणी दहा वेळा सांगावं लागलं की मूल मोडतं आणि जबाबही विस्कटतो. मोबाइलवर रेकॉर्ड करू नका. आईवडिलांना लगेच फोन लावू नका, कारण कधीकधी धोका घरातच असतो. आधी १०९८ ही बालकांची हेल्पलाइन आणि बालकल्याण समिती. कुणाही स्वयंसेवकाने मुलाशी बंद खोलीत एकट्याने बोलायचं नाही, दरवाजा उघडा आणि आसपास दुसरं मोठं माणूस हवं. स्वयंसेवकांची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्या. आणि सत्रांचे फोटो? पाठमोरे, किंवा नाहीतच. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली आणि पोक्सोच्या कलम २३ खाली पीडित मुलाची ओळख उघड करणं गुन्हा आहे. आज हसत फोटोत उभी असलेली मुलगी उद्या फिर्यादी असू शकते. देणगीदार फोटो मागतील, त्यांना हे कारण सांगा.

ठरलेल्या लग्नाचं प्रकरण आलं तर लक्षात ठेवा की महाराष्ट्रात गावपातळीवर ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. मुलीला ‘कोर्टात जा’ म्हणण्यापेक्षा त्या गावाच्या ग्रामसेवकाला कुणी, कधी कळवायचं हे ठरवणं शंभरपट उपयोगाचं. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू व्हायच्या आधीचे दीड-दोन महिने डोळ्यांत तेल घालून राहा.

हे सगळं एकटीने पेलणार नाही, पेलूही नये. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ सालचा आहे आणि त्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया आणि मुलं यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीतली माणसंही त्यात येतात. तुमच्या कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. सचिवांना भेटा, सत्रांचं वेळापत्रक द्या आणि ‘सत्रातून आलेली प्रकरणं आमच्याकडे पाठवा’ असं त्यांच्याकडून लेखी मागून घ्या. तुमच्या स्वयंसेवकांपैकी जे वकील नाहीत, त्यांना विधी स्वयंसेवक म्हणून प्राधिकरणाचं प्रशिक्षण घ्यायला लावा. सत्रांत शिकवण्यासाठी लातूरच्या विधी महाविद्यालयातले विद्यार्थी उत्तम. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात १९७२ पासून कायद्याचे विद्यार्थी शाळांत जाऊन रोजच्या जगण्यातला कायदा शिकवतात, तिथून ही पद्धत अनेक देशांत गेली. आपल्याकडच्या विधी महाविद्यालयांत विधी साहाय्य केंद्रं असतातच, फक्त त्यांना बाहेर घेऊन जाणारं कुणी हवं असतं. विद्यार्थ्यांनी माहिती द्यावी, वैयक्तिक सल्ला देऊ नये, एवढी रेघ आखून द्या. प्रत्येक मुलाच्या हातात जो कागद जाईल त्याच्यावर चार नंबर मोठ्या अक्षरांत छापा: मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००, बालकांसाठी १०९८, सायबर फसवणुकीसाठी १९३० आणि मन थाऱ्यावर नसेल तर टेली मानसचा १४४१६. नीटच्या गावात शेवटचा नंबर कधीही गाळू नका.

पैशाकडे येते. मुलांकडून ५० रुपये घेऊ नका. ज्याला तुमची सर्वाधिक गरज आहे तो मुलगा महिनाअखेरीला चहाचेही पैसे मोजून घालवतो, तो येणारच नाही. शिवाय पैसे दिले म्हटल्यावर माझं काम करून द्या, असा हक्क सांगितला जातो आणि तुमची सनदेची अडचण परत उभी राहते.

उत्पन्नाचा एक सचोटीचा मार्ग आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेला अंतर्गत समिती नेमावी लागते, कर्मचाऱ्यांसाठी कार्यशाळा घ्याव्या लागतात. समिती नेमली नाही तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. रुग्णालयं, पतसंस्था, डाळ मिल, शोरूम, खासगी महाविद्यालयं यांना हे प्रशिक्षण देणारी माणसं जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळत नाहीत. ते काम संस्थेने रीतसर शुल्क घेऊन करावं आणि त्या पैशांवर मुलांची सत्रं मोफत चालावीत. मला हाच खरा सामाजिक उद्योग वाटतो: ज्याच्यावर कायद्याने जबाबदारी टाकली आहे त्याने पैसे द्यायचे, ज्याला हक्क आहे त्याने नाही.

कोचिंग क्लासच्या मालकांकडून मात्र एक रुपयाही घेऊ नका, प्रशिक्षणाचाही नाही आणि प्रायोजकत्वाचाही नाही. ते देतील, आनंदाने देतील, सभागृहही देतील. पण त्यांच्या बॅनरखाली उभं राहून फी परताव्यावर बोलताना तुमची जीभ अडखळेल, आणि मुलांना ते लगेच कळेल. सत्रं अभ्यासिकांत घ्या, समाजकल्याणच्या वसतिगृहांत घ्या.

कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक जबाबदारीच्या) निधीवर पहिली तीन वर्षं तरी नजर ठेवू नका. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली तो निधी घ्यायचा तर प्राप्तिकर खात्याची नोंदणी, देणगीवरच्या सवलतीचं प्रमाणपत्र, सीएसआर-१ फॉर्म आणि तीन वर्षांच्या कामाचा पूर्वानुभव लागतो. तोवर जवळच्या डॉक्टर-वकील-व्यापाऱ्यांच्या छोट्या देणग्या आणि प्रशिक्षणाचं शुल्क.

आता नोंदणी, थोडक्यात. सार्वजनिक न्यास केलात तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयाशी संबंध येतो: दरवर्षी हिशेबतपासणी आणि विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट. हे चेंज रिपोर्ट वर्षानुवर्षं तुंबवून ठेवलेल्या संस्था तुम्ही कोर्टाच्या आवारात पाहिल्या असतीलच. सेक्शन आठच्या कंपनीला दोन संचालक पुरतात, नफा वाटता येत नाही, आणि कंपनी निबंधकांकडे दरवर्षी विवरणपत्रं भरावी लागतात, सीए लागतोच. शुल्क घेऊन प्रशिक्षण द्यायचं आणि बाहेर जिल्ह्यांतही जायचं असेल तर माझा कौल कंपनीला, पण कार्यकारी संचालक दुसरी व्यक्ती हवी, तुमच्या सनदेसाठी. तशी व्यक्ती आज हाताशी नसेल तर नोंदणी थांबवा. एक वर्ष विधी महाविद्यालयाच्या केंद्रामार्फत किंवा प्राधिकरणाच्या छत्राखाली काम करा. नोंदणीशिवाय सत्र घेता येतं.

त्या वर्षात हिशेब ठेवा, पण ‘दोन हजार विद्यार्थी लाभार्थी’ असा नको. दोन महिन्यांनी त्याच मुलांना परत भेटा आणि विचारा: कुणी एफआयआरची प्रत मागून घेतली? कुणाचं डिपॉझिट परत आलं? कुणी प्राधिकरणात गेलं आणि तिथे काय झालं? उत्तरं थोडी येतील. त्यांतली फसलेली प्रकरणं आधी लिहून काढा, पुढचं सत्र त्यातून बसवा.

वडिलांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. प्रॅक्टिस सोडू नका. कोर्टात उभी राहणारी वकील जेव्हा ठाणे अंमलदाराची गोष्ट सांगते तेव्हा मुलं विश्वास ठेवतात, आणि घर चालवायलाही तीच कमाई लागणार आहे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी कोर्टाला सुट्टी असते, त्या दोन दिवसांवर पहिलं वर्ष निघतं. भाकऱ्या भाजायच्याच, पण स्वतःच्या चुलीवरचं अन्न न करपवता, एवढं त्यांना सांगितलंत तर ते ऐकतील असं वाटतं.

सरांना मात्र बार काउन्सिलला पत्र टाकायच्या आधी सांगा. दुसऱ्याकडून कळलं तर वाईट दिसेल. नुसतं सांगू नका, एक गोष्ट मागा: महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात एक सत्र त्यांनी स्वतः तुमच्यासोबत घ्यावं. सात दिवसांचं निवासी शिबिर असतं, दत्तक गावात, अठरा ते बावीस वर्षांची मुलं, आणि दुपारी बौद्धिक सत्र ठेवायचंच असतं. ज्येष्ठ वकिलाच्या नावाने दार लवकर उघडतं. कार्यक्रम अधिकाऱ्यांना दिवाळीच्या आत भेटा, त्यानंतर वक्त्यांची यादी ठरून गेलेली असते.